सोलापूर ते जैसलमेर, सोबत माईंचे गुडघे: एका कुटुंबाच्या प्रवासाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कुटुंब आपल्या जुळे सोलापुरातलं. नावं देत नाही, घरात ज्या नावानं हाक मारतात तीच इथं वापरतो. आप्पा वय 72, बँकेतून रिटायर, शुगर आहे पण माणूस टणक. माई 68, दोन्ही गुडघे गेलेले, ऑपरेशन करायचं का नाही यावर घरात वर्षानुवर्षं नुसती चर्चा. दादा म्हणजे त्यांचा मुलगा, त्याचा स्पेअर पार्टचा धंदा, वहिनी शिक्षिका, पोरगी नववीत, पोरगा पाचवीत. मी ओळखीतल्या लोकांची तिकिटं बघून देतो, प्लॅन लावून देतो, त्यामुळं यात पहिल्यापासून होतो.

जैसलमेरच का, तर प्रत्येकाचं कारण वेगळं. आप्पांना लोंगेवाला बघायचं होतं, 1971 ची लढाई त्यांनी रेडिओवर ऐकलीय, त्यावर ते आजही तासभर बोलू शकतात. वहिनींना सोनेरी किल्ल्यात राहायचं होतं, फोटो सगळे मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलेले. पोरांना उंट. माईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही न्याल तिकडं येते, फक्त पायऱ्या नकोत." ही एक ओळ सगळ्यांनी ऐकली आणि सगळे विसरले, आणि पुढचं अर्धं प्रकरण त्या ओळीमुळंच घडलंय.

कधी जायचं यावरच पहिला वाद झाला. आप्पांचं म्हणणं मे महिन्यात जाऊ, पोरांना सुट्टी असते, "सोलापूरच्या उन्हाळ्यात राहतोय की आपण, वाळवंटाचं काय भेव!" आता आपल्याकडं 43-44 ला घरात कूलर लावून बसणं वेगळं आणि तिकडं 45 च्या वर पारा गेलेला असताना पिवळ्या दगडाच्या गल्लीतून चालणं वेगळं, उन्हाळ्यात तिथले पर्यटकांचे निम्मे तंबू बंदच असतात. दिवाळीत त्या बाजूला सगळं गुजरात फिरायला निघतं. नाताळ ते 1 जानेवारी हॉटेलवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. जानेवारीच्या मध्यात जायचं तर आपला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, आणि आप्पा दरवर्षी पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजाच्या मिरवणुकीत असतात, त्या दिवसांत त्यांना सोलापूरच्या बाहेर काढायचं म्हणजे विषयच संपला. त्यानंतर जावं तर माघ पौर्णिमेच्या सुमाराला जैसलमेरात मरू महोत्सव, तेव्हा खोल्या मिळत नाहीत. उरला तो गड्डा आणि महोत्सव यांच्या मधला आठवडा. त्यातच 26 जानेवारी सोमवारी आलेली, म्हणजे शनिवार-रविवार जोडून पोरांच्या शाळेचे दिवस कमी बुडणार. तेच धरलं.

अडचण नेमकी काय होती

सोलापूरहून जैसलमेरला सरळ गाडी नाही ही तर उघड अडचण आहे, ती नकाशा उघडला की कळते आणि तिच्यावर सगळेच डोकं लावतात. घरात रोज रात्री जेवताना चर्चा व्हायची ती फक्त जोधपूरपर्यंत कसं जायचं याची. विमान का रेल्वे, पुणे का मुंबई, एवढंच.

पण मला तेव्हापासून वाटत होतं की लांबचा पल्ला हा खरा त्रासाचा भाग नाहीच, त्याला दहा मार्ग आहेत. गोची होते ती तुकड्यांत. जोधपूर ते जैसलमेर हे 280 किलोमीटर. किल्ल्याच्या पायथ्यापासून खोलीच्या दारापर्यंतचा चढ. रात्री थंडीत समच्या, म्हणजे जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्यांतून परत शहरात येणं. आणि पुण्यात उतरल्यावर सोलापूर. हे चार तुकडे कुणीच धरले नव्हते, कारण अ‍ॅपवर सर्च केलं तर ते दिसत नाहीत. आणि सहा माणसांत ज्याला सगळ्यात कमी चालता येतं त्याच्या हिशेबानं हे तुकडे मोजायचे असतात, दादाच्या हिशेबानं नाही.

पर्याय कोणते होते

दादाचा पहिला हट्ट स्वतःची गाडी. सोलापूर-पुणे-अहमदाबाद करून वर बाडमेरकडून जैसलमेर, चौदाशे किलोमीटरच्या वर जातं एका बाजूला. दोन मुक्काम जाताना, दोन येताना, चालवणारा एकटा दादा. शिवाय त्याची गाडी सात सीटची, सहा माणसं बसली की मागची सीट उघडावीच लागते, मग सहा जणांच्या बॅगा ठेवायच्या कुठं, टपावर कॅरियर लावून? माईंना पाय लांब करायला जागा राहत नव्हती. दादाला हे पटायला आठवडा गेला, पण पटलं.

मुंबईमार्गे जायचं तर सकाळची वंदे भारत सोलापूरहून सहाच्या सुमाराला सुटते, दुपारच्या आसपास दादरला सोडते, पुढं बांद्रा टर्मिनसहून जोधपूरला सूर्यनगरी आणि आठवड्यातून एकदा थेट जैसलमेरची गाडी. कागदावर भारी दिसतं. पण बांद्रा टर्मिनस आणि बांद्रा लोकलचं स्टेशन एक नव्हे, दादरहून बॅगा आणि माईंना घेऊन दुपारच्या ट्रॅफिकमधून टॅक्सीनं जायचं, वंदे भारत जरा लेट झाली की पुढची गाडी गेली. थेट जैसलमेरची साप्ताहिक गाडी यांच्या तारखांत बसत नव्हती. सोलापूरहून आता मुंबईला विमानही आहे, होटगी रोडच्या विमानतळावरनं उडायचं आणि मुंबईहून जोधपूरचं दुसरं विमान पकडायचं, पण सहा तिकिटं गुणिले दोन विमानं, वहिनींनी आकडा बघून मोबाईल उलटा ठेवला.

जैसलमेरलाच विमानतळ आहे, हिवाळ्यात तिथं फ्लाइट असतात, हेही बघितलं. तिथला तळ हवाई दलाचा, त्यात नागरी विमानांसाठी वेगळा भाग. सीझन संपला की फ्लाइट कमी होतात, आणि सीमेवर काही झालं की हे विमानतळ पहिले बंद होतात, मे 2025 मध्ये देशातले 32 विमानतळ बंद ठेवले होते त्यात जैसलमेर आणि जोधपूर दोन्ही होते. जानेवारीत तसं काही नव्हतं, तरी थेट पुण्याहून सोय नसल्यानं फिरून जावं लागणार होतं, म्हणून सोडलं.

मग हडपसर. पुण्याच्या हडपसर स्टेशनवरून जोधपूरची रोजची गाडी 2025 च्या मे महिन्यात सुरू झालीय, सुरत, वडोदरा, आबू रोड करत जाते, एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा बराच भाग गाडीत. सोलापूरकरांना याचा एक फायदा आहे तो पुणेकरांना कळायचा नाही, आपण सोलापूर रोडनं येतो तेव्हा हडपसर पुण्याच्या आधी लागतं, शहरात घुसायची गरजच नाही. फक्त स्टेशन गाडीतळाला लागून नाही, मुंढव्याच्या बाजूला आत आहे, एसटीतून गाडीतळाला उतरून चालत जाऊ म्हणणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.

आणि शेवटचा पर्याय पुण्याहून जोधपूरचं थेट विमान.

काय ठरलं, कशामुळं ठरलं

जाताना हडपसरहून रेल्वे, येताना जोधपूर-पुणे विमान. जाताना माणसं ताजी असतात, डबा बांधून घेता येतो, पोरांना रेल्वेची मजा. येताना सगळे पिचलेले असतात तेव्हा पैसे घालवलेले बरे. आप्पांनी विचारलं, दोन्हीकडून रेल्वे घेतली तर किती वाचतात, मी सांगितलं, ते म्हणाले, "वाचतात खरं, पण माईला परत एक रात्र गाडीत नको." विषय मिटला.

तिकिटाची एक गोष्ट नीट सांगतो कारण दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. नोव्हेंबर 2024 पासून रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं, आधी 120 होतं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, त्याची आशा ठेवू नका. पण लोअर बर्थचा ज्येष्ठांचा कोटा चालू आहे, पुरुष 60 आणि बायका 45 च्या वरच्या, आणि तो एका तिकिटावर असे एक किंवा दोनच जण असतील तर लागतो. सहाही जण एका तिकिटावर टाकले की कोटा गेला, मग माई वरच्या बर्थखाली उभ्या राहून लोकांना विनवण्या करणार. म्हणून आप्पा-माईंचं तिकीट वेगळं काढलं, बाकी चौघांचं वेगळं. दोघांना खालचे बर्थ मिळाले. तोटा असा की डबे वेगळे आले, मध्ये एक डबा. वहिनींना ते अजिबात आवडलं नाही, रात्री औषध कोण देणार म्हणून. त्यावर ठरलं की रात्री गोळ्या झाल्या की दादानं तिकडं चक्कर मारून यायचं आणि आप्पांनी फोन उशाला ठेवायचा. एवढ्यावर भागलं.

जोधपूर ते जैसलमेर यावर मात्र मी अडून बसलो. दादाच्या एका मित्रानं स्लीपर बस सुचवलेली, रात्री झोपा सकाळी उतरा, स्वस्त. पण ऑक्टोबर 2025 मध्ये जैसलमेरहून जोधपूरला निघालेल्या खासगी एसी स्लीपर बसला आग लागून वीसच्या वर माणसं गेली, बाहेर पडायला दार एकच. ज्या बाईला एसटीची पायरी चढताना हात द्यावा लागतो तिला त्या डब्यात वरच्या खणात झोपवायचं? नको म्हटलं. रेल्वेनं पाच-सहा तास लागतात, ती चांगलीच आहे, पण जोधपूरला पोचायची वेळ आणि पुढच्या गाड्यांची वेळ यात रात्र आडवी येत होती. म्हणून एक रात्र जोधपुरात झोपायचं आणि सकाळी मोठी टॅक्सी, मध्ये पोखरणला थांबायचं. टॅक्सीत पाच तास लागतात, पण पाहिजे तिथं थांबता येतं, आणि शुगरवाल्या माणसाला बाथरूमसाठी थांबता येणं ही चैन नाही.

पुढचा प्रश्न, तीच टॅक्सी सगळे दिवस ठेवायची का सोडून द्यायची. बाहेरगावच्या टॅक्सीचा हिशेब दिवसाला किमान 250 किलोमीटर असा धरतात, वर ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता. जैसलमेर गाव एवढंसं आहे, स्टेशनपासून किल्ला दोनेक किलोमीटर, गडीसर तलाव, पटवों की हवेली, नथमल आणि सालिमसिंगची हवेली सगळं जवळजवळ, गल्ल्या अशा की मोठी गाडी आत जातच नाही. म्हणजे गाडी बाहेर उभी आणि आपण 250 किलोमीटरचे पैसे भरतोय. म्हणून जोधपूरची टॅक्सी पोचवून परत जाऊ दे, गावात ऑटो, आणि समचा एक दिवस आणि सीमेजवळच्या तनोट-लोंगेवालाचा एक दिवस तेवढी जैसलमेरची लोकल गाडी. आप्पा बँकेतले, त्यांनी स्वतः कागदावर मांडून बघितलं आणि सही केल्यासारखी मान डोलावली.

किल्ल्यातल्या हॉटेलचं प्रकरण

हे वेगळं लिहायला पाहिजे.

वहिनींनी किल्ल्याच्या आतली एक जुनी हवेली बुक करून टाकली होती, मला न विचारता, आणि का विचारावं, फोटो खरंच सुंदर होते. जैसलमेरचा किल्ला 1156 चा, रावल जैसलनं बांधलेला, त्याचं वैशिष्ट्यच हे की आत आजही हजारो लोक राहतात, दुकानं, देवळं, घरं सगळं. त्रिकूट टेकडीवर आहे, म्हणजे जमिनीपासून अडीचशे फूट वर. चार दरवाजे पार करत दगडी फरसबंदीचा चढ चढायचा, मग गल्ल्या, मग हॉटेल, आणि हवेली म्हटल्यावर उंच उंच अरुंद पायऱ्या, खोली दुसऱ्या मजल्यावर. टॅक्सी खालीच राहते.

मी हॉटेलला फोन केला, म्हटलं पायऱ्या किती, तर तो म्हणतो "बस थोड़ी सी, साहब." थोडी म्हणजे किती ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मग एकच प्रश्न फिरवून विचारला, तुमच्याकडं व्हीलचेअरवाला पाहुणा आला तर त्याला कुठली खोली देता. त्यावर तो माणूस प्रामाणिकपणे म्हणाला, "उनको तो नीचे ही रुकना चाहिए." हा प्रश्न आता मी सगळ्यांसाठी विचारतो, फार कामाचा आहे.

किल्ल्यात राहण्याबद्दल दुसरंही एक म्हणणं आहे. जुन्या काळी तिथं पाणी डोक्यावरून वर यायचं, जपून वापरलं जायचं. आता हॉटेलांमुळं पाणी भरपूर वापरलं जातं, ते टेकडीत मुरतं, पाया खचतो, बुरूज ढासळलेत. त्यामुळं बरेच लोक किल्ला बघतात पण राहतात खाली. हे सांगितल्यावर वहिनी जरा गप्प झाल्या, पण निर्णय खरा झाला तो माईंमुळं. त्या म्हणाल्या, "तुम्ही वर राहा, मी आणि हे खाली राहतो." घरात शांतता. दोन हॉटेलं, दोन जेवणं, सकाळी एकमेकांना शोधा, हे कुणालाच नको होतं. कॅन्सल केलं, थोडे पैसे कापले गेले, खाली हनुमान चौकाच्या बाजूला तळमजल्याची खोली असलेलं हॉटेल घेतलं, गच्चीवरनं किल्ला समोर दिसतो. वहिनी तिथं रोज संध्याकाळी चहा घेऊन बसायच्या. त्यांचं मन किती भरलं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

प्रत्यक्षात काय झालं

रेल्वे ठीक. शेंगाचटणी, कडक भाकरी, दह्याचा डबा, सुरत यायच्या आत निम्मं संपलेलं. जोधपूरचा मुक्काम नुसता झोपण्यापुरता, मेहरानगड किल्ला बाहेरूनच बघितला.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीनं पोखरण. 1974 आणि 1998 च्या अणुचाचण्या त्या भागातल्या, पण रस्त्यावर तसं बघायला काही नाही, आप्पांनी मात्र पोरांना सगळं सांगून घेतलं. रामदेवऱ्याला जायचं का हा प्रश्न ड्रायव्हरनं काढला, वाट वाकडी करून बाबा रामदेवांचं दर्शन, माईंनी हो म्हटलं आणि तास-दीड तास गेला. त्याचा फटका असा की जैसलमेरला पोचायला चार वाजले, त्या दिवशीचं गडीसर राहिलं. कुणाची तक्रार नव्हती.

समचा दिवस शुक्रवारी ठेवला होता मुद्दाम, कारण शनिवारपासून 26 ची गर्दी. हा निर्णय बरोबर ठरला, शनिवारी त्याच तंबूंचे दर चढलेले ते दादानं तिथंच बघितले. जाताना कुलधरा, पालीवाल ब्राह्मणांचं ओस पडलेलं गाव, माई गाडीतच बसल्या. सम शहरापासून 40 किलोमीटर. प्लॅन असा होता की सगळ्यांनी तंबूत राहायचं. इथं मी आधीच एक सुचवलेलं, लोकल गाडीवाल्याला सोडून परत पाठवू नका, रात्री नऊपर्यंत थांबायचे पैसे ठरवून घ्या, राहायचं ठरलं तर त्याला मोकळं करा. दादाला हे फुकटचे पैसे वाटत होते, तरी त्यानं ऐकलं.

संध्याकाळी पोरं उंटावर, माईंसाठी उंटगाडी. उंटावर बसायला सांगणारे चार जण आले, "माताजी को कुछ नहीं होगा," पण उंट उठताना आधी पुढं झोक जातो मग मागं, तरणा माणूस घाबरतो, दादानं हात जोडले. उंटगाडीत माई एकदम खूश, सूर्य बुडेपर्यंत बसून होत्या. मग तंबूच्या मैदानात कालबेलिया नाच, तो चांगला झाला, आणि त्यानंतर डीजे. आणि थंडी. जानेवारीत तिथं रात्री पारा 7-8 पर्यंत खाली येतो, वाळू दिवसा तापते तशी पटकन गारही होते, नुसती सोलापुरी चादर अंगावर घेऊन ती थंडी भागत नाही, चादर कितीही आपली असली तरी. तंबूत रजया होत्या पण बाथरूम तंबूच्या मागच्या बाजूला, दोन पायऱ्या आणि ओली फरशी. माई काही बोलल्या नाहीत, आप्पांनीच ओळखलं. साडेआठला जेवून आप्पा-माई गाडीनं हॉटेलवर, बाकी चौघं तंबूत. गाडी थांबवून ठेवली नसती तर त्या वेळी समहून शहरात जायला तंबूवाला सांगेल तो भाव द्यावा लागला असता, किंवा माईंनी रात्रभर सोसलं असतं. गाडीवाल्यानं चाळीस किलोमीटरला तासापेक्षा जास्त लावला, रस्त्यावर गाई-उंट बसलेले असतात अंधारात, आणि सावकाश आला हेच बरं.

शनिवारी याची उलटी बाजू दिसली. तंबूतले चौघं सकाळी उशिरा आले, नाश्ता, अंघोळी, किल्ल्यावर पोचेपर्यंत दुपार. किल्ल्यातली जैन मंदिरं बाहेरच्या लोकांना सकाळच्या वेळातच उघडी असतात, ती हुकली. वहिनी ज्यासाठी किल्ल्यात राहणार होत्या तेच बघायचं राहिलं. माईंना ऑटोनं जमेल तेवढं वर सोडलं, पुढं त्या दादाचा हात धरून थांबत थांबत गेल्या, चौकात एका दुकानाच्या कट्ट्यावर तासभर बसल्या आणि दुकानदारीण बाईशी त्यांची मैत्री झाली, भाषा कुठली ते विचारू नका.

रविवारी तनोट. शहरापासून 120 किलोमीटर, पुढं लोंगेवाला करून परत यायचं म्हणजे दिवस जातो. रामगढ सोडलं की वस्ती, पेट्रोल पंप, चहाची टपरी सगळं विरळ, म्हणून खाणं आणि पाणी घेऊन निघाले, सगळ्यांची आधार कार्डं वहिनींच्या पर्समध्ये. तनोट मातेचं देऊळ बीएसएफ सांभाळतं, 1965 ला आजूबाजूला पडलेले बॉम्ब फुटले नाहीत अशी तिथली श्रद्धा, ते बॉम्ब देवळात ठेवलेत. सुट्टीचा रविवार असल्यानं रांग मोठी, त्यात 26 जानेवारीच्या आसपास सीमेवर बंदोबस्त वाढलेला असतो, चेकिंगला वेळ गेला. लोंगेवालाला पोचले तेव्हा ऊन उतरायला आलेलं. 4-5 डिसेंबर 1971 च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या तुकडीनं तिथं रणगाडे अडवले, पकडलेला रणगाडा ठेवलाय. आप्पा त्याच्यापाशी उभे राहिले ते हलेनात. दादा म्हणतो, ट्रिपचे सगळे पैसे तिथं वसूल झाले. फक्त वेळ अर्धा तासच मिळाला, कारण अंधार पडायच्या आत रामगढ गाठायचं होतं.

सोमवारी रेल्वेनं जोधपूर, रात्रीचा मुक्काम, मंगळवारी दुपारचं विमान. त्याच दिवशी जैसलमेरहून निघून विमान पकडा असं सुचवणारे होते, ते मी होऊ दिलं नाही. विमान तीन तास लेट झालं. उत्तरेत जानेवारीत धुकं असलं की विमानं एकामागं एक लेट होत जातात, जोधपुरात ऊन असलं तरी. माईंसाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवलेली, ती जोधपुरात आणि पुण्यात दोन्हीकडं मिळाली.

निकाल

माणसं धड गेली, धड आली, माईंचे गुडघे सुजले नाहीत, आप्पांचं लोंगेवाला झालं. खर्च अंदाजाच्या वर गेला, बराचसा जोधपूरच्या दोन रात्री आणि परतीच्या विमानामुळं.

फसलं ते शेवटच्या तुकड्यात. पुण्याहून संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरला यायचं होतं, तिकिटं कन्फर्म. विमान लेट म्हणून हुतात्मा गेली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसला वेटिंग, ती पुण्यात येते तीही मध्यरात्रीनंतर. स्वारगेटला जाऊन एसटी बघायची तर सहा माणसं, आठ बॅगा आणि माई. शेवटी विमानतळावरनंच टॅक्सी केली, त्यानं वेळ बघून भाव लावला, रात्री एक वाजता जुळे सोलापूर.

वेगळं काय करता आलं असतं

दिवसांचा क्रम. शुक्रवारी तनोट-लोंगेवाला आणि गुरुवारीच सम घेतलं असतं तर दोन्ही गर्दीच्या आधी झालं असतं, पण त्यासाठी एक दिवस आधी पोचावं लागलं असतं आणि पोरीच्या शाळेत चाचणी होती. हे जमण्यासारखं नव्हतं असं वहिनी म्हणतात, माझ्या मते रामदेवरा सोडून गुरुवारी दुपारी अडीचपर्यंत पोचले असते तर सम उरकता आलं असतं. माई हे ऐकून म्हणाल्या, रामदेवरा सोडायचं नव्हतं. मग झालं.

तंबूचा मुक्काम. म्हातारी माणसं असतील तर समला फक्त संध्याकाळ घालवून सगळ्यांनी परत यावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला आणि जैन मंदिरं होतात. पोरांना तंबू पाहिजेच असेल तर तो शेवटच्या रात्री ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी काही बघायचं नसेल तेव्हा. खुरी म्हणून वाळूच्या टेकड्यांचं दुसरं गाव आहे, तिथं गर्दी आणि डीजे कमी असतो असं तिथले गाडीवाले सांगतात, अंतर साधारण समएवढंच, पण यांनी ते बघितलेलं नाही.

किल्ल्यातलं हॉटेल. हे कॅन्सल करताना जे पैसे गेले ते वाचले असते, जर माईंची ती पायऱ्यांची ओळ पहिल्याच दिवशी कागदावर लिहिली असती. आता मी कुणाचंही नियोजन घेताना तारखा नंतर विचारतो, आधी घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला काय नको ते विचारतो, आणि ते त्या माणसालाच विचारतो, मुलाला नाही. मुलं म्हणतात, "काही प्रॉब्लेम नाही, आई येते चालत."

परतीचा पुणे-सोलापूर. दोन मार्ग होते. एक, हुतात्मावर अवलंबून न राहता सोलापूरहूनच ओळखीची गाडी पुण्याला बोलावून ठेवणं, विमान लेट झालं तर गाडीवाला थांबतो, फोनवर बोलता येतं, भावही आधी ठरलेला असतो. दोन, त्या रात्री पुण्यातच नातेवाइकांकडं राहून सकाळी निघणं, वहिनींची बहीण कोथरूडला आहे. दुसरा स्वस्त होता, पण बहिणीकडं सहा जण रात्रीचे टपकायचे हे वहिनींना मान्य नव्हतं, आणि बुधवारी सकाळी दादाला दुकान उघडायचं होतं. पुढच्या वेळी गाडी सोलापूरहूनच बोलवायची, एवढं दादानं स्वतः मला सांगितलंय, ड्रायव्हरचा नंबरही देऊन ठेवलाय.